खर्च वाढला का, एका शब्दात सांगा

खातं कोणतं, शहर कोणतं, ते सांगत नाही. मी सध्या ब्रिटिश सरकारच्या नोकरीत आहे आणि इथे साध्या टेबलावरच्या माणसालाही राजकारणावर जाहीर बोलताना जीभ आवरावी लागते. मुलाखतीची गोष्ट सांगायला मात्र कुणाची हरकत नसावी. तिच्यातले आकडे सगळे छापील आहेत, आणि फजिती माझी स्वतःची आहे.

आधी एक खुलासा, कारण हे विचारायला महिन्यातून एखादा तरी फोन येतोच. भारतीय पासपोर्टवर इथल्या सिव्हिल सर्व्हिसमध्ये नोकरी मिळते का? मिळते. सगळ्या जागा नाहीत, पण राष्ट्रकुलातल्या माणसाकडे इथे काम करण्याचा व्हिसा असेल तर बऱ्याच जागांना अर्ज करता येतो. (मतदानही करता येतं. हे मला इथे येऊन वर्षभराने कळलं.) मी २०२२ मध्ये अर्थशास्त्रात एमएस्सी संपवलं, दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा काढला आणि अर्ज टाकत सुटले.

अर्जाची पहिली गंमत म्हणजे तुमचं नाव, वय, कॉलेज हे सगळं पुसून तो परीक्षकांकडे जातो. उरतात नुसते अडीचशे-अडीचशे शब्दांचे परिच्छेद. मला ते फार बरं वाटलं. त्याचं कारण पुण्यात आहे. इकडे येण्याआधी तिथल्या एका खासगी कंपनीत मी मुलाखतीला गेले होते. पहिला प्रश्न, "पूर्ण नाव?" सांगितलं. "मूळच्या कुठल्या?" सांगलीची. "हो, पण सांगलीत म्हणजे नेमक्या कुठल्या? आडनाव तर आमच्याकडेही आहे." हा प्रश्न कुठल्या गल्लीत निघालाय ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. मग लग्नाचं काय, ठरलंय का, आणि ठरल्यावर मिस्टरांची बदली झाली तर काय. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा कुणाला तरी आठवलं की ही बाई एक्सेल आणि स्टॅटिस्टिक्स येतं असं म्हणत होती.

इथे असलं काही नाही. इथली पंचाईत वेगळीच निघाली. इथे ‘मी’ म्हणावं लागतं.

मुलाखतीत ‘बिहेवियर’ नावाचे प्रश्न असतात. वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत, कमी वेळात निर्णय कसा घेतलात, असे. परिस्थिती, काम, तुमची कृती, निकाल, या क्रमाने उत्तर द्यायचं. प्रत्येक उत्तराला एक ते सात गुण, आणि चारच्या खाली गेलात की बाद. पहिल्या मुलाखतीत मी कॉलेजातल्या सर्वेक्षणाची गोष्ट सांगितली. आम्ही प्रश्नावली बदलली, आम्ही गावात पुन्हा गेलो, आम्ही दीडशे घरं केली. समोरच्या बाईंनी दोनदा थांबवलं, "पण तुम्ही काय केलंत?" मला प्रश्नच कळेना. सांगतेय की! आठवड्याने निकालाची मेल आली. त्या उत्तराला तीन गुण, आणि खाली एक ओळ, उमेदवाराचा स्वतःचा वाटा स्पष्ट झाला नाही. आमच्या घरात ‘मी मी करू नकोस’ हे ऐकत मी मोठी झाले. त्याचे पैसे इथे असे वसूल झाले.

रूममेट नागपूरची. तिने स्वयंपाकघरात माझा सराव घ्यायला सुरुवात केली. मी ‘वी’ म्हटलं की ती उलथन्याने कुकरच्या झाकणावर ठणकन वाजवायची. पंधरा दिवसांत ‘आय’ जिभेवर बसलं. घरी फोनवर मराठीतसुद्धा मी इतकं ‘मी’ म्हणू लागले की आईने विचारलं, बरी आहेस ना?

हा २०२२-२३ चा हिवाळा. तो इथे ज्यांनी काढला त्यांना विजेचा मीटर वेगळा सांगायला नको. आमच्या भाड्याच्या घरात जुना प्रीपेमेंट मीटर होता. चावीसारखी एक वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायची, पैसे भरायचे, परत आणून मीटरमध्ये खोचायची. पैसे संपले की घर गार. त्या हिवाळ्यात सरकारने प्रत्येक घराला वीजबिलापोटी ४०० पौंड दिले, ऑक्टोबर-नोव्हेंबरला ६६ आणि पुढचे चार महिने ६७ पौंड. आमच्यासारख्या जुन्या मीटरवाल्यांना त्याचं व्हाउचर पोस्टाने यायचं. पहिलं व्हाउचर मागच्या भाडेकरूच्या नावाच्या पत्रांच्या गठ्ठ्यात दोन आठवडे पडून होतं. ते घेऊन दुकानात गेले तेव्हा काउंटरवरचे पंजाबी काका म्हणाले, "सरकार का माल है बेटा, जल्दी डलवा लो." चावीत ६६ पौंड चढले आणि त्या रात्री आम्ही दोघींनी हीटर चालू ठेवून जेवण केलं.

हे पैसे देणारं सरकार हुजूर, म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं. सरकार आटोपशीर असावं, खर्च कमी, कर कमी, हे ज्या पक्षाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं बोलणं, तो पक्ष. चावी मीटरमध्ये खोचताना मला त्याचं हसू आलं होतं. पुढे हाच प्रश्न मुलाखतीत तोंडावर येऊन आदळेल असं मात्र डोक्यात आलं नाही.

दुसरी मुलाखत मार्च २०२३ मध्ये झाली, टीम्सवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर. पद विश्लेषकाचं. समोर तीन चौकटी, दोन बायका आणि एक गृहस्थ. अर्धा तास आधी त्यांनी एक कागद पाठवला. त्यावर सरकारी खर्चाचा तक्ता आणि काम दिलेलं, एका नव्या मंत्र्यांना उद्या संसदेत उत्तर द्यायचं आहे, ‘खर्चाला आवर घालू म्हणून सांगणाऱ्या सरकारच्या काळात खर्च वाढतोच आहे, असं का?’ मंत्र्यांसाठी टिपण तयार करा आणि पाच मिनिटांत तोंडी सांगा.

मी कागद पाहिला आणि मला बाबांचं टेबल आठवलं. बाबा जिल्हा परिषदेत लेखा विभागात वरिष्ठ सहाय्यक होते. लहानपणी मार्चएण्डला आम्ही त्यांचं तोंड पाहत नसू. अंदाजपत्रकाच्या त्या लांबलचक कागदावर तीन रकाने असायचे, मूळ अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. बाबा म्हणायचे, माणूस कुठल्या रकान्यावर बोट ठेवून बोलतोय ते आधी बघायचं, मग तो काय बोलतोय ते ऐकायचं. (आपलं एप्रिल ते मार्च हे वर्षही इंग्रजांनी १८६७ मध्ये त्यांच्याशी जुळवून घेतलं तेव्हाचं. इथेही मार्चएण्ड तसाच आहे. फेब्रुवारीत नव्या खुर्च्या येतात.)

म्हणून मी टिपणाची सुरुवात उत्तराने न करता, ‘वाढला’ म्हणजे कशाच्या तुलनेत, इथून केली. पौंडांत मोजलं तर खर्च जवळजवळ दर वर्षी वाढतो, त्याला कुठल्याच पक्षाचा अपवाद नाही. महागाई वजा केली तर चित्र बदलतं. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या, म्हणजे जीडीपीच्या टक्क्यांत मोजलं तर आणखी बदलतं. थॅचरबाईंचंच घ्या. खर्चाची कात्री म्हणजे त्याच, असं आपल्याकडेही लोक समजतात. त्यांच्या पंतप्रधानपदाच्या अकरा वर्षांत महागाई वजा जाता खर्च वर्षाला सरासरी एक टक्क्याच्या आसपास वाढतच राहिला. जीडीपीतला वाटा सुरुवातीला उलट चढला, कारण जानेवारी १९८२ मध्ये बेकार तीस लाखांवर गेले आणि बेकारांना भत्ता द्यावाच लागतो. पुढे अर्थव्यवस्था खर्चापेक्षा वेगाने धावली म्हणून वाटा उतरला. कात्री चाललीच नाही असं नाही, पण लोकांच्या आठवणीत आहे तेवढी ती खोल नव्हती.

मग २०१० नंतरचा काळ. बँका बुडाल्यानंतरच्या २००९-१० मध्ये खर्च जीडीपीच्या ४६ टक्क्यांच्या आसपास होता. पंतप्रधान कॅमेरन आणि अर्थमंत्री ऑस्बोर्न या जोडीने काटकसरीचं दशक सुरू केलं आणि कोविडच्या आधी तो ४० टक्क्यांच्या आसपास आला. पण त्यातही पाहिलं पाहिजे की कुणाचं कापलं. दवाखान्यांना हात लावला नाही. म्हाताऱ्यांच्या पेन्शनला तर कुलूप, तेही तिहेरी. महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के, यांत जे जास्त तेवढी दर वर्षी वाढ. त्यामुळे मोठा भार पडला नगरपालिकांवर. केंद्राकडून त्यांना मिळणारं अनुदान दशकभरात साधारण ४० टक्क्यांनी घटलं. वाचनालयं, लहान मुलांची केंद्रं, बसचे मार्ग त्यात गेले. मी राहते त्या भागातल्या वाचनालयाच्या इमारतीत आता जिम आहे.

नंतर कोविड. लोकांच्या पगाराचे ८० टक्के, महिना २,५०० पौंडांपर्यंत, सरकारने भरले. एकट्या त्या योजनेला सुमारे ७० अब्ज पौंड लागले. २०२०-२१ मध्ये खर्च जीडीपीच्या ५० टक्क्यांवर गेला. तो उतरतोय तोवर युक्रेनचं युद्ध आणि गॅसचे भाव. लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या त्या करकपात आणि छोटं सरकार यांच्या नावाने, आणि पहिली मोठी घोषणा काय केली, तर सरासरी घराचं वर्षाचं ऊर्जाबिल २,५०० पौंडांवर रोखण्याची हमी. तारीख ८ सप्टेंबर २०२२. त्याच दिवशी राणी वारली म्हणून ती घोषणा कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाही. पंधरा दिवसांनी ४५ अब्जांची करकपात जाहीर झाली, ती कुठून भरून काढणार हे न सांगता. रोखेबाजार कोसळला, बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं, आणि ऑक्टोबर संपायच्या आत ट्रसबाई घरी.

मुलाखतीत यातलं निम्मंच बोलले. ७० अब्जांपाशी घोळ केला. घाबरले की मी मनात कोटींत मोजते. तोंडातून निघून गेलं, "सेव्हन थाउजंड क्रोर." तिन्ही चौकटी निर्विकार. इथे परीक्षकांनी चेहरा हलवायचा नाही असं त्यांना शिकवलेलं असतं की काय कोण जाणे. मी "सॉरी, सेव्हंटी बिलियन" म्हटलं. गृहस्थांनी काहीतरी लिहिलं. आधीच्या मुलाखतीतही समोरचे असंच लिहीत होते आणि तेव्हा तीन गुण मिळाले होते, एवढंच मला दिसत होतं.

टिपण संपलं आणि खरे प्रश्न सुरू झाले.

पहिला: "एका शब्दात सांगा. या सरकारच्या काळात खर्च वाढला का?"

मी म्हटलं, एका शब्दात सांगितलं तर मंत्री संसदेत अडकतील. विरोधक दुसऱ्या मोजमापाचा आकडा घेऊनच उभे असतील.

दुसरा त्याहून अवघड. "म्हणजे हुजूर पक्ष स्वतःच्या तत्त्वांना जागला नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?"

हा सापळा आहे हे कळत होतं. हो म्हटलं तर निःपक्षपातीपणा गेला, नाही म्हटलं तर खुशामत. इथल्या नोकरीच्या आचारसंहितेत चार गुण सांगितलेत, सचोटी, प्रामाणिकपणा, वस्तुनिष्ठता, निःपक्षपातीपणा. पाठ केलेले होते, पण ऐन वेळी पाठांतर उपयोगी पडत नाही. मी पाण्याचा घोट घेतला. ग्लास रिकामा होता, तरी घेतला. मग म्हटलं, जागला की नाही ते मतदार ठरवतील. मी मंत्र्यांना इतकंच सांगेन की वाढीचा मोठा भाग कुणी नव्याने ठरवलेला नव्हता. म्हातारी माणसं वाढली की पेन्शन आणि दवाखाने आपोआप वाढतात. खात्यांच्या रोजच्या खर्चातले सुमारे ४० टक्के आता एकट्या आरोग्याकडे जातात. सरकारी कर्जापैकी जवळपास पाव हिस्सा महागाईला बांधलेला, त्यामुळे महागाई भडकली आणि व्याजाचं वर्षाचं बिल १०० अब्जांच्या वर गेलं. छोटं सरकार हवं असं म्हणणारा पक्ष असो की मोठं हवं म्हणणारा, ही तीन बिलं दारात येतातच. बाकीचा भाग, म्हणजे वीज-गॅसच्या बिलांची मदत, हा निर्णय होता. तो घेतला नसता तर काय झालं असतं हेही त्याच कागदावर लिहायला हवं.

इथे मला मीटरची चावी आठवली आणि मी ती सांगून टाकली. व्हाउचर, पंजाबी काका, ६६ पौंड. सांगताना वाटत होतं, बाई, गप्प बस, हे वस्तुनिष्ठतेत बसत नाही. पण डावीकडच्या चौकटीतल्या बाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांच्याकडेही तसलाच मीटर असावा.

तिसरा प्रश्न गृहस्थांचा. तो मी अजून विसरलेले नाही. "मंत्र्यांना तुमचा आलेख आवडला नाही. ते म्हणतात, २०२०-२१ पासून सुरू करा, म्हणजे खर्च उतरताना दिसेल. तुम्ही काय कराल?"

आकडे खोटे नाहीत. नुसतं पहिलं वर्ष बदलायचं. २०१९-२० पासून काढला तर खर्च वाढलेला दिसतो, २०२०-२१ पासून काढला तर घसरलेला, आणि २००९-१० पासून काढला तर फिरून जवळजवळ तिथेच आलेला. तिन्ही आलेख खरे.

मला बाबांच्या ऑफिसातली एक गोष्ट ठाऊक होती. कुणा पदाधिकाऱ्याला रस्त्यांवरचा खर्च दुप्पट झालेला दाखवायचा होता, आणि तुलनेला त्यांना ज्या वर्षी पुरामुळे कामंच झाली नव्हती ते वर्ष हवं होतं. बाबांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी पाच वर्षांचे रकाने काढले, पुराच्या वर्षाखाली ‘पूरस्थितीमुळे कामे स्थगित’ अशी ओळ घातली, सही केली आणि कागद दिला. म्हणाले, भाषणात काय वाचायचं ते तुम्ही वाचा, रकाने मी सगळे ठेवणार. सहा महिन्यांत त्यांचं टेबल बदललं, ते सोडा.

मी हेच इंग्रजीत सांगितलं, फक्त ‘मी’ लावून. मी दोन्ही आलेख काढेन. २०२०-२१ हे कोविडचं वर्ष आहे हे आलेखावरच लिहीन, तळटीपेत नाही. कुठला वापरायचा ते मंत्री ठरवतील, पण उद्या आकड्यांच्या गैरवापराबद्दल जाहीर पत्र आलं तर आपण सांगितलं होतं याची नोंद माझ्याकडे असेल. असं पत्र येतं, ही काही पोकळ धमकी नव्हती. २०१७ मध्ये, ब्रेक्झिट झालं, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, की आठवड्याला ३५ कोटी पौंड हातात येतील या दाव्यावरून इथल्या सांख्यिकी प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी बोरिस जॉन्सन यांना, तेव्हा ते परराष्ट्रमंत्री होते, असंच उघड पत्र लिहिलं होतं.

"आणि त्यांनी ऐकलंच नाही तर?"

"वरिष्ठांना सांगेन."

"वरिष्ठांनी ऐकलं नाही तर?"

"लेखी सांगेन."

गृहस्थ थांबले. मीही थांबले. त्या शांततेत खालून रूममेटच्या कुकरची शिट्टी झाली, माइकमधून सगळ्यांना ऐकू गेली असणार.

शेवटी दोन-तीन ‘स्ट्रेंग्थ’चे प्रश्न झाले, तेही आधी न कळवता. यादी करून काम करायला आवडतं का, अनोळखी माणसाशी बोलायला मजा येते का. खरं काय ते सांगितलं. वेळ संपली, तिघांनी आभार मानले, चौकटी विझल्या. मी लॅपटॉप बंद केला आणि अर्धा तास नुसतं भिंतीकडे बघत बसले. जे बोलायचं राहिलं ते सगळं तेव्हा सुचलं, नेहमीसारखं.

तीन आठवड्यांनी मेल आली. कागदावरच्या कामाला सहा गुण. मतभेदाच्या प्रश्नाला पाच. संवादाला चार, आणि खाली शेरा, उदाहरण परिणामकारक, मात्र एककांबाबत अधिक दक्षता हवी. क्रोर! एकूण उत्तीर्ण, पण जागा एकच होती आणि माझ्यापुढे एक माणूस होता. माझं नाव राखीव यादीत, बारा महिने. त्या दर्जाची, त्याच कामाची जागा दुसरीकडे कुठे निघाली तर नव्याने मुलाखत न घेता बोलावू शकतात, असं लिहिलं होतं.

सांगलीला फोन केला. बाबांना राखीव यादी, बारा महिने, सगळं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे वेटिंगला आहेस," ते म्हणाले. "डब्ल्यूएल का आरएसी?"

मी जरा विचार केला. आत तर घेतलं होतं, फक्त बर्थ द्यायचा राहिला होता.

"आरएसी," मी म्हटलं.

"मग बॅग भरून ठेव."